फटफटीच्या पोटातलं तेल

दोस्तांनो, परवा मधल्या सुट्टीत एक गंमत झाली. शाळेच्या फाटकापाशी माझी मोटारसायकल उभी असते. तिच्याभोवती आमच्या पाचवीतल्या पाच-सहा जणांचं कोंडाळं जमलं होतं. एक पठ्ठ्या तर जमिनीवर चक्क पालथा पडून इंजिनखाली बघत होता. गणवेश धुळीनं माखलेला. मी म्हटलं, "काय रे, काय हरवलं?"

"काही नाही सर, गळतंय का बघतोय."

"काय गळतंय?"

"तेल! दादा म्हणाला, तुझ्या सरांनी एवढ्या जुन्या गाडीत सिंथेटिक टाकलंय. आठवड्यात गळायला लागेल बघ."

याचा दादा स्टेशनजवळच्या एका गॅरेजात काम शिकतो. मागच्या शनिवारी मी तिथूनच इंजिन ऑइलचा डबा विकत आणला होता. डबा हातात देताना त्यानं मान हलवली होती, ती मला आत्ता आठवली. म्हणजे बातमी गॅरेजातून घरी आणि घरून थेट वर्गात पोचली होती!

मग प्रश्नांचा पाऊस सुरू झाला. "सर, सिंथेटिक म्हणजे प्लास्टिकचं तेल का?" "सर, त्यानं गाडी जास्त पळते?" "एकदा सिंथेटिक टाकलं की पुन्हा साधं टाकता येत नाही, खरं ना सर?" घंटा झाली तरी कुणी हलेना. शेवटी परिसर अभ्यासाचा तास तेलालाच देऊन टाकला. आमच्या तेलाच्याच परिसरात राहतो म्हणा ना आपण! त्या तासाला काय बोलणं झालं आणि त्यातून पुढे काय निघालं, ते आज तुम्हांला सांगतो.

तुम्ही कॅरम खेळता. बोर्डावर पावडर नसली की सोंगटी कशी अडखळते, ते तुम्हांला ठाऊक आहे. इंजिनात तर याहून मोठा मामला असतो. साधी शंभर सीसीची मोटारसायकल जोरात पळवली तर तिचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेऊ शकतं. सहा हजारला साठनं भागा पाहू. सेकंदाला शंभर! तुम्ही तोंडानं "एक" म्हणेपर्यंत आतला पिस्टन शंभर वेळा वर जाऊन शंभर वेळा खाली आलेला असतो. शिवाय आत पेट्रोल पेटतं तेव्हा क्षणभर दोन हजार अंशांच्या आसपास उष्णता होते. अशा ठिकाणी धातूवर धातू कोरडाच घासला तर थोड्याच वेळात दोन्ही एकमेकांना चिकटून बसतील. इंजिन 'सीझ' झालं, असं मेकॅनिक म्हणतात ते हेच. ते होऊ नये म्हणून मधे तेलाची झिल्ली असते, आपल्या केसाहून कितीतरी पातळ. तेवढ्या झिल्लीवर सगळा कारभार चालतो.

हेच तेल आतली उष्णता वाहून बाहेरच्या बाजूला आणतं. काजळी आणि धातूचा बारीक कीस धुऊन काढून आपल्यात तरंगत ठेवतं. म्हणून तर ते काळं होतं. "तेल काळं झालं, म्हणजे बिघडलं" असं पुष्कळ लोक म्हणतात. अहो, फरशी पुसल्यावर फडकं काळं होणारच! ते त्याचं काम करतंय एवढाच त्याचा अर्थ. तेल कधी बदलायचं ते रंगावर ठरत नाही. किती किलोमीटर आणि किती महिने झाले, त्यावर ठरतं.

आता मोटारसायकलीची एक खास गोष्ट. चारचाकी गाडीत बहुधा इंजिनचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, आणि क्लच कोरडा असतो. आपल्या फटफटीत जागा ती किती! तिथे एकच तेल तिन्हीकडे फिरतं. क्लचच्या चकत्या त्याच तेलात बुडालेल्या असतात. आणि क्लचचं काम काय? घट्ट पकडायचं. म्हणजे या बिचाऱ्या तेलानं पिस्टनपाशी सगळं गुळगुळीत ठेवायचं आणि क्लचपाशी मात्र पकड सुटू द्यायची नाही. एवढी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

"प्लास्टिकचं तेल का?" या प्रश्नाकडे वळू या. त्यासाठी मी मुलांना मनानं पाचूबंदरला नेलं. होडी किनाऱ्याला लागते, जाळं रिकामं होतं. त्यात बोंबील, करंदी, जवळा, कसलेकसले बारके मासे, सगळं एकत्र आलेलं असतं. मग बायका बसून निवडतात. कितीही नीट निवडलं तरी करंदीच्या वाट्यात एखादा चुकार मासा निघतोच. साधं इंजिन ऑइल म्हणजे खनिज तेल, ते तसंच. जमिनीखालून कच्चं तेल निघतं तेव्हा त्यात नाना आकारांचे रेणू असतात. रिफायनरीत ते तापवून, निवडून, त्यातलं मेण काढून वंगणाचं मूळ तेल वेगळं करतात. हे काम आपल्याकडे फार लांब होत नाही बरं का! मुंबईत माहुलला हिंदुस्तान पेट्रोलियमच्या कारखान्यात वंगणाच्या मूळ तेलाची देशातली सर्वांत मोठी रिफायनरी आहे. तर तिथेही निवड कितीही चांगली झाली, तरी रेणू थोडे लहानमोठे राहतातच.

सिंथेटिक तेलाची तऱ्हा निराळी. तिथे निवडत बसायचं नाही, घडवायचं. साच्यातून मोदक काढावेत तसे एकसारखे रेणू तयार करायचे. त्याची एक रीत अशी, की इथिलीन नावाचा वायू घेऊन त्याचे लहान रेणू जोडत जोडत हव्या त्या लांबीचे करायचे. आणि गंमत म्हणजे याच इथिलीनपासून प्लास्टिकच्या पिशव्याही बनतात! तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला इतर सगळे हसले होते, त्यांना मी सांगितलं, हसू नका, पिशवी आणि हे तेल चुलत भावंडं निघाली की नाही?

रेणू एकसारखे असण्याचा फायदा काय? थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं, बघितलंय ना? खनिज तेलातही थोडं मेण उरलेलं असतं, ते फार थंडीत घट्ट होतं. उलट खूप तापलं की त्यातले हलके रेणू आधी उडून जातात. सिंथेटिक तेल दोन्ही बाजूंनी जास्त तग धरतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीकडे खनिज तेलाचा तुटवडा होता आणि रशियातल्या हिवाळ्यात यंत्रं गारठत होती. तेव्हा तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी अशी घडवलेली वंगणं बनवण्याचं काम जोरात केलं. पुढे जेट विमानं आली. त्यांच्या इंजिनातली उष्णता खनिज तेलाला सोसवेना, म्हणून तिथे सिंथेटिकच वापरू लागले. तुमच्या डोक्यावरून मुंबईकडे जाणारं विमान दिसलं की ओळखा, त्याच्या पोटात हेच तेल आहे. मोटारींसाठी ते दुकानात मिळू लागलं ते १९७० नंतरच्या दशकात.

पण थांबा, यात एक मेख आहे. १९९९ साली अमेरिकेत दोन मोठ्या तेल कंपन्यांचं भांडण झालं. कॅस्ट्रॉलनं आपल्या सिंथेटिक तेलात घडवलेल्या तेलाच्या जागी फार बारकाईनं शुद्ध केलेलं आणि रेणूंची रचना बदललेलं खनिज तेल वापरायला सुरुवात केली. मोबिलनं तक्रार केली, की याला सिंथेटिक कसं म्हणता? जाहिरातींच्या तक्रारी बघणाऱ्या मंडळानं निकाल दिला, की म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून 'सिंथेटिक' या शब्दाचा अर्थ सैल झाला. ते तेलही चांगलंच असतं, पण डब्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द असला म्हणून आत एकच माल असेल असं नाही. म्हणून मी मुलांना म्हटलं, डब्याची पुढची बाजू कंपनीसाठी आहे, आपण मागची बाजू वाचायची.

मी रिकामा डबा डिकीतून आणून टेबलावर ठेवला. तो हातोहात फिरला. मागे बारीक अक्षरांत पहिली खूण सापडली, '१०डब्ल्यू-३०'. कुठे '२०डब्ल्यू-४०' असतं, कुठे '२०डब्ल्यू-५०'. यातला डब्ल्यू म्हणजे वेट, वजन, असं मला लहानपणी एका दुकानदारानं सांगितलं होतं आणि मी ते बरीच वर्षं खरं मानून चाललो होतो! तो डब्ल्यू विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. पहिला आकडा सांगतो थंडीत तेल किती सहज वाहतं ते. जितका लहान, तितकं सहज. दुसरा आकडा तेल शंभर अंशांवर किती घट्ट राहतं ते सांगतो. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेनं तेलांची अशी वर्गवारी १९११ मध्ये सुरू केली. तुम्हांला घरी करून बघायचं असेल तर काकवी घ्या. एक चमचा फ्रिजमधली, एक चमचा कोमट पाण्यात वाटी ठेवून गरम केलेली. दोन्ही ताटलीत सोडा आणि ताटली तिरपी करा. बाकी सांगायची गरज नाही.

आकडा मोठा म्हणजे तेल भारी, असं मात्र समजू नका. इंजिन ज्या आकड्यासाठी बांधलं, तोच आकडा त्याला हवा. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं, बजाजच्या बऱ्याच पल्सरना २०डब्ल्यू-५०. गाडीबरोबर एक पुस्तिका येते. ती बहुतेक घरांत विम्याच्या कागदांखाली कोरी करकरीत पडलेली असते. तिच्यात हे छापलेलं असतं. घरी गेल्यावर शोधा.

दुसरी खूण 'जासो' अशी चार इंग्रजी अक्षरं. ही जपानमधली मोटारींची मानकं ठरवणारी संस्था. १९९८ मध्ये तिनं खास मोटारसायकलींच्या तेलासाठी खुणा ठरवल्या. 'एमए' किंवा 'एमए२' लिहिलं असेल तर ते तेल बुडालेल्या क्लचला चालतं. 'एमबी' लिहिलं असेल तर ते जास्त निसरडं, बिनगिअरच्या स्कूटरसाठी. आता क्लचची गोष्ट आठवली का? आमच्या ओळखीच्या एकानं कारसाठी आणलेलं महागडं सिंथेटिक उरलं म्हणून मोटारसायकलीत ओतलं. वाया कशाला घालवायचं, हा विचार! कारच्या पुष्कळ तेलांत घर्षण आणखी कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. आठ दिवसांत वसईच्या उड्डाणपुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी जागची पुढे सरकेना. क्लच निसटत होता. शेवटी तेलही बदललं आणि क्लचप्लेटाही बदलाव्या लागल्या. फुकटचं तेल चांगलंच महागात पडलं.

आता मुलांच्या बाकीच्या शंका. सिंथेटिकनंतर साधं टाकता येतं का? येतं. दोन्ही एकमेकांत मिसळतात, 'सेमी-सिंथेटिक' म्हणून जे विकतात ते मुळात मिश्रणच असतं. गाडी जास्त पळते का? नाही बाबा. वेग इंजिन ठरवतं. आणि जुन्या गाडीत गळतं का? इथे दादाचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही. सुरुवातीच्या काळातल्या काही सिंथेटिक तेलांनी रबराची सीलं आकसत असत, तिथून ही समजूत पसरली. आता तेलात त्यावर उपाय केलेला असतो. पण इंजिन फार जुनं असेल, सीलं कडक झाली असतील आणि साचलेल्या घाणीनंच फट बुजलेली असेल, तर नवं तेल ती घाण धुऊन काढतं आणि खरी फट उघडी पडते. म्हणून मी रोज रात्री गाडीखाली वर्तमानपत्राचा कागद पसरतो आणि सकाळी बघतो. हे ऐकल्यावर वर्गात एकदम शांतता झाली. कागदाची युक्ती सगळ्यांना पटली.

"मग सर, तुम्ही टाकलंच कशाला?"

खरं सांगू? माझं घर ते शाळा जेमतेम चार किलोमीटर. एवढ्या जवळच्या फेरीत इंजिन पुरतं तापतही नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, ती उडून न जाता थोडी थोडी तेलात उतरते. तेल कितीही भारी असलं तरी हे टळत नाही, म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचं तेल किलोमीटर भरले नाहीत तरी महिन्यांच्या हिशेबानं बदलावं लागतं. उन्हाळ्यात स्टेशनच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलानं चालतात. वाऱ्यानं थंड होणारं इंजिन वाऱ्याविना उभं राहून तापतं. तिथे सिंथेटिकचा थोडा उपयोग व्हावा. पण माझ्या डब्याची किंमत साध्याच्या दुपटीहून जास्त होती, आणि माझ्या गाडीला साधं, बरोब्बर खुणेचं तेल पुरलं असतं. मी टाकलं ते निव्वळ उत्सुकतेपोटी.

आणि हा तेलाचा नाद मला लागला तो २०१८ च्या जुलैपासून. वसई-विरारकरांना ते दिवस सांगायला नकोत. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद, वीज नाही. माझी गाडी इमारतीखाली सीटपर्यंत पाण्यात बुडाली होती. पाणी ओसरल्यावर मी किक मारायला पाय उचलला, तेवढ्यात शेजारचे काका वरून ओरडले, "मास्तर, थांबा! आधी तेल बघा." तेलाचा बोल्ट काढला तर खाली आलं काय? दूध जास्त झालेला चहा! तेलात पाणी घुसळलं गेलं की असा रंग येतो. तसंच चालू केलं असतं तर इंजिन गेलंच होतं. लागोपाठ दोनदा तेल बदलावं लागलं. त्या दिवसापासून तेल बदलण्याचं काम मी स्वतः करतो.

ते काम असं. गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवायची, म्हणजे तेल पातळ होतं. मग बंद करून मेन स्टँडवर लावायची. खाली पसरट भांडं, हातांत रबरी मोजे. तळाचा बोल्ट सोडला की काळी धार पडते. ती पोळण्याइतकी गरम असू शकते, आणि वापरलेलं तेल कातडीला वारंवार लागणं चांगलं नाही. म्हणून दोस्तांनो, हे तुम्ही एकट्यानं करायचं नाही, मोठ्यांशेजारी उभं राहून बघायचं. निथळलं की बोल्टचा वायसर बदलून बोल्ट बसवायचा. पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच तेल मापून ओतायचं. एक मिनिट इंजिन फिरवून, थोडं थांबून कांडीवर बघायचं. दोन रेघांच्या मधे हवं. "थोडं जास्त राहू दे" हा भाजीवाल्याचा न्याय इथे चालत नाही.

मी मुलांना मोठ्या ऐटीत सांगितलं, की नवीन तेल टाकल्यावर गिअर लोण्यासारखे पडायला लागले. तेव्हा खिडकीपाशी बसणारी एक मुलगी, एरवी फार बोलत नाही ती, म्हणाली, "पण सर, आधीचं तेल जुनं झालं होतं ना? नवीन साधं टाकलं असतं तरी गिअर चांगलेच पडले असते."

झालं! माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी जुन्या साध्याची तुलना नव्या सिंथेटिकशी केली होती, आणि श्रेय सगळं सिंथेटिकला देऊन मोकळा झालो होतो. तेव्हा आता असं ठरलंय, की पुढच्या वेळी त्याच आकड्याचं, त्याच खुणेचं साधं तेल टाकायचं, आणि दोन्ही वेळा पहिल्या आठवड्यात, नंतर दर महिन्याला, गिअर कसे पडतात आणि पेट्रोल किती लागतं ते वहीत लिहायचं. वही तिच्याकडे आहे.

तास संपत आला होता. तेवढ्यात मागून प्रश्न आला, "सर, जुन्या तेलाचं काय केलंत?"

या प्रश्नावर मी जरा थांबलो. कारण त्याचं उत्तर फार जुनं आहे.

मी तुमच्याएवढा असताना आमच्या घरी बाबांची स्कूटर होती. बाबा रविवारी अंगणात तिचं तेल बदलायचे आणि निघालेलं तेल टाकून यायचं काम माझं. बाबा म्हणायचे, कुंपणाच्या खांबांना लाव, वाळवी लागत नाही. पण एकेक खांब रंगवत कोण बसणार? मी डबा वाडीच्या टोकाला नेऊन बावखलाच्या काठावर उपडा करायचो. पश्चिम पट्ट्यातल्या मुलांना बावखल माहीत आहे. इतरांसाठी सांगतो, वसईत वाडवडिलांनी वाड्यांमध्ये खणलेली ही गोड्या पाण्याची तळी. पावसाळ्यात ती भरतात, ते पाणी जमिनीत मुरून आसपासच्या विहिरींना झरे देतं. पूर्वी त्यांवर रहाट चालायचे, पुढे पंप आले. केळी, भाजी, मोगरा, सगळं त्यांच्या जिवावर.

एका वर्षी पहिल्या पावसात मी बघितलं, तर बावखलावर इंद्रधनुष्य पसरलं होतं. जांभळं, हिरवं, सोनेरी. मला ते इतकं आवडलं की मी मित्रांना बोलावून दाखवलं. पलीकडच्या वाडीतले आजोबाही येऊन बघून गेले. त्यांनी विचारलं, "तेल कुणी ओतलं रे?" कुणी बोललं नाही. मीही नाही. त्यांनी पंप बंद करून ठेवला आणि पुढचे कितीतरी दिवस मोगऱ्याच्या वाफ्यांना घरच्या विहिरीचं पाणी कळशीनं घातलं. मी शाळेत जाताना रोज बघत होतो. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता आजोबा नाहीत.

वर्गात मी फळ्यावर गणित मांडलं. एक लिटर तेल एक मिलिमीटर जाडीनं पसरलं तर किती जागा व्यापेल? बरोबर, एक चौरस मीटर. पाण्यावर रंग दिसतात तेव्हा झिल्ली साधारण मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतकी पातळ असू शकते. मग तेच एक लिटर किती पसरेल? दोन हजार चौरस मीटर! कबड्डीची पंधरा मैदानं. वाडीच्या भाषेत सुमारे वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर. गंमत बघा, बेंजामिन फ्रँकलिननं लंडनजवळच्या क्लॅपममधल्या तळ्यावर चमचाभर तेल टाकलं होतं आणि तेही अर्धा एकर पसरलं, असं त्यानं १७७४ मध्ये छापून ठेवलंय. त्याचं तेल आणखी पातळ पसरणाऱ्या जातीचं होतं, म्हणून चमच्यात भागलं. माझ्या डब्यात जवळजवळ लिटरभर असायचं. झिल्लीखालच्या पाण्याला वरून हवा नीट मिळत नाही, आणि वापरलेल्या तेलात धातूचा कीस आणि जळक्या पेट्रोलची विषारी द्रव्यं असतात ती निराळीच. कायद्यानं असं तेल घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध व्हावं याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकलेली आहे. शुद्ध केलं तर त्याचं पुन्हा वंगण होतं. तेल खरं तर झिजून संपत नाही, मळतं.

माझं या वेळचं तेल मी रिकाम्या डब्यात भरून, बूच लावून, जिथून नवं आणलं त्याच गॅरेजात दिलं. तिथे पिंप असतं, भरलं की तेल नेणारा येतो.

मग मी मुलांना घरी विचारून यायला सांगितलं, की आपल्या गाडीचं जुनं तेल कुठे जातं. दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. अकरा जणांच्या घरी गाडीचं काम गॅरेजात होतं, पुढचं माहीत नाही. एकाचे आजोबा अजून कुंपणाला लावतात. दोघांकडून सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला मागून नेतात. एकानं खाली बघत सांगितलं, "गटारात."

आणि इंजिनखाली पालथा पडणारा आमचा पठ्ठ्या म्हणाला, "सर, दादाच्या गॅरेजातलं पिंप मागच्या बाजूला उघड्यावर आहे. त्याला झाकण नाही. पाऊस आला की भरून वाहतं, मागे नाला आहे."

मी यावर काय बोलणार? मीही तिथेच तेल देऊन निर्धास्त झालो होतो, मागे जाऊन बघितलं नव्हतं. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं गॅरेजात गेलो. मालकांना मी काही शिकवायला गेलो नाही, नुसतं बावखलाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बघतो सर" म्हणाले. असं म्हटलं की काम होत नाही, असा माझा अनुभव.

सोमवारी प्रार्थनेच्या आधी पठ्ठ्या धावत आला. "सर, झाकण बसलं! दादानं जुन्या पाण्याच्या टाकीचं झाकण कापून बसवलं आणि पिंप छपराखाली सरकवलं." मग त्यानं हळूच विचारलं, "आणि सर, कागद?"

कागद अजून कोरडा आहे. पण दादा म्हणतो, महिनाभर थांबा.